बोर्डात यायचे आहे: न्यू जर्सीत स्कूल बोर्डाची निवडणूक लढवावी का?

चांदणवेल, ९ मार्च

मध्य न्यू जर्सीतील एका टाउनशिपमध्ये आम्ही चौदा वर्षांपासून राहतो. मुलगी नववीत आहे, मुलगा चौथीत. येत्या नोव्हेंबरात आमच्या स्कूल बोर्डाच्या नऊपैकी तीन जागांची निवडणूक आहे आणि त्यांपैकी एका जागेसाठी अर्ज भरावा असे गेले दोन महिने मनात घोळत आहे. भारतातील वाचकांसाठी आधीच सांगते की हे बोर्ड परीक्षा घेणारे नव्हे. येथे एका गावाचा किंवा दोन-चार गावांचा मिळून स्वतंत्र स्कूल डिस्ट्रिक्ट असतो, न्यू जर्सीसारख्या लहान राज्यातही असे सुमारे सहाशे डिस्ट्रिक्ट आहेत, आणि त्यांचा कारभार ज्यांच्या नावे चालतो ते बहुतेक ठिकाणी मतदारांनी निवडून दिलेले बिनपगारी लोक असतात. आईला फोनवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "दहावीला तुझे बोर्डात यायचे थोडक्यात राहिले होते, ते आता येणार म्हण की."

निमित्त गणिताचे आहे. चौथी-पाचवीसाठी असलेला प्रगत गणिताचा वर्ग पुढील वर्षापासून बंद करण्याचा प्रस्ताव आमच्याकडे आला आहे. जानेवारीच्या सभेत मी बोलायला उभी राहिले. प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतात, ती मिळाली, बोर्डाने शांतपणे ऐकले, आभार मानले आणि पुढचे नाव पुकारले. उत्तर कोणीच दिले नाही. घरी येताना वाटले की त्या टेबलाच्या अलीकडे उभे राहून काही होणार नसेल तर पलीकडेच जाऊन बसले पाहिजे. माझ्याकडे नागरिकत्व आहे, मतदार म्हणून नोंदणी आहे, नोकरी पूर्णवेळ आहे. ज्यांनी हे केले आहे किंवा जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

गोधडी, ९ मार्च

अवश्य लढवा. आम्ही एच-१बी वर आहोत, घर घेतले, मालमत्ता कर भरतो, दोन मुले त्याच शाळांत आहेत, पण उभे राहणे सोडाच, मत देण्याचाही अधिकार नाही. सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ मध्ये मतदारांनी ठराव मंजूर करून नागरिक नसलेल्या पालकांनाही स्कूल बोर्डापुरते मत दिले. न्यूअर्कने सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना दिले. आमच्या गावात यांपैकी काहीही होण्याची चिन्हे नाहीत, तेव्हा ज्यांना उभे राहता येते त्यांनी राहावे.

तिरफळ, १० मार्च

मी शेजारच्या काउंटीत एक पूर्ण मुदत, म्हणजे तीन वर्षे, बोर्डावर काढली आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पात्रतेच्या अटी सोप्या आहेत. नागरिकत्व, अठरा वर्षे पूर्ण, डिस्ट्रिक्टमध्ये किमान एक वर्षाचे वास्तव्य आणि तेथील मतदार नोंदणी. बोर्डाशी आर्थिक व्यवहार किंवा दावा असता कामा नये. निवडून आल्यावर गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी होते, दरवर्षी उत्पन्नाचे स्रोत आणि नातेसंबंध जाहीर करावे लागतात, आणि पहिल्या वर्षी प्रशिक्षण सक्तीचे असते. नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी उमेदवारी अर्ज जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी चार वाजेपर्यंत काउंटी क्लार्कच्या कार्यालयात पोहोचावा लागतो. चार म्हणजे चार. अर्जाचे नमुने आणि सह्यांची आवश्यक संख्या त्या वर्षीचीच पाहा, मागच्या उमेदवाराकडून कागद उसने घेऊ नका. सही करणारा तुमच्याच डिस्ट्रिक्टचा नोंदणीकृत मतदार असावा लागतो, आणि आपल्या ओळखीचे निम्मे लोक तसे नसतात हे सह्या बाद झाल्यावर कळते. म्हणून लागतील त्याच्या दुप्पट गोळा करा. निवडणूक पक्षविरहित असते, मतपत्रिकेवरील क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो आणि नावापुढे जास्तीत जास्त तीन शब्दांचे घोषवाक्य छापता येते.

आता कडू भाग. तुम्ही ज्या टेबलाच्या पलीकडे बसू इच्छिता तेथे बसलेल्या एकट्या माणसाला काहीही अधिकार नसतो. अधिकार बोर्डाला असतो, तोही रीतसर सूचना देऊन बोलावलेल्या सभेत, बहुमताने. तुम्ही नऊपैकी एक मत असाल. राज्याच्या आचारसंहितेत स्पष्टच म्हटले आहे की शाळा चालवणे हे सदस्याचे काम नसून त्या नीट चालवल्या जात आहेत की नाहीत हे इतर सदस्यांसह पाहणे हे त्याचे काम आहे. मुख्याध्यापकाला फोन करून "त्या वर्गाचे काय झाले" असे विचारले तरी तुमच्याविरुद्ध राज्याच्या शालेय नीतिमत्ता आयोगाकडे तक्रार होऊ शकते. शिक्षक नेमायचा तोही सुपरिंटेंडंटच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या शाळा चालवणाऱ्या पगारी मुख्य अधिकाऱ्याच्या, शिफारशीशिवाय बोर्डाला नेमता येत नाही. पालक वाणसामानाच्या दुकानात गाठून गाऱ्हाणे सांगतात, तेव्हा तुम्ही त्यांना आधी शिक्षकाकडे, मग मुख्याध्यापकाकडे, मग सुपरिंटेंडंटकडे जायला सांगायचे असते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नेमका तोच भाव दिसतो जो जानेवारीत तुमच्या चेहऱ्यावर असेल. सभेत उत्तर का दिले नाही, तेही आता लक्षात आले असेल.

मग बोर्डाच्या हातात राहते काय? सुपरिंटेंडंटची नेमणूक आणि मूल्यमापन, धोरणे, शिक्षक संघटनेबरोबरचा करार आणि अंदाजपत्रक. या चार गोष्टींत रस नसेल तर तीन वर्षे फार लांब वाटतील. वेतन शून्य. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या ह्याच.

अर्धविराम, १० मार्च

तिरफळ यांच्याशी सहमत, पण मला मूळ कारणाबद्दलच शंका आहे. २०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टमध्ये हेच घडले होते. तेथील सुपरिंटेंडंट डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी मुलांवरील ताणाबद्दल पालकांना सोळा पानी पत्र लिहिले, हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा रद्द झाल्या, काही रात्री गृहपाठाविना ठेवल्या गेल्या आणि चौथी-पाचवीचा प्रगत गणिताचा वर्ग बंद झाला. त्या वर्गात नव्वद टक्के मुले आशियाई कुटुंबांतील होती. सभांमध्ये अक्षरशः दोन तट पडले: एकीकडे बरेचसे भारतीय आणि चिनी पालक, दुसरीकडे बरेचसे गोरे पालक. मी तेव्हा तेथे राहत होतो. आमच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता, पण आमच्यापैकी कोणीही त्या पत्रातील मानसिक आरोग्याच्या पानांबद्दल एक शब्द बोलले नाही, आणि ते मला आजही खटकते. एका वर्गासाठी उभे राहणाऱ्याला गाव "त्या वर्गाचा उमेदवार" म्हणूनच ओळखते.

चांदणवेल, ११ मार्च

अर्धविराम, मुद्दा लागला. पण माझा मुलगा ताणाखाली नाही, कंटाळ्याखाली आहे. गती असलेल्या मुलाला पुढचे शिकू देणे म्हणजे त्याला पिळणे नव्हे. हा वर्ग बंद झाला तर माझ्यासारख्या घरांतली मुले रविवारी खाजगी क्लासला जातील आणि ज्यांना तो परवडत नाही त्यांची मुले तेवढी मागे राहतील, हे सभेत मी सांगितले होते आणि आजही मला ते पटते.

तिरफळ, अंदाजपत्रकाबद्दल अधिक लिहाल का?

खडू_फळा, ११ मार्च

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो, लेकीकडे सहा महिने राहायला आलो आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे आपल्याकडेही प्रत्येक अनुदानित आणि सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. कागदावर ही रचना येथल्यापेक्षाही पालकांच्या जवळची आहे. फरक पैशाचा आहे. आमच्या समितीच्या बैठकीत आम्ही पोषण आहाराच्या तांदळाची पोती मोजत असू आणि गळक्या छपराचा ठराव वर पाठवत असू, कारण शिक्षकांचे पगार आणि बांधकामाचा निधी दोन्ही वरूनच येत. येथे लेकीने मला कराची पावती दाखवली, तिच्यात शाळेचा आकडा वेगळा छापलेला होता. ज्याच्या खिशातून पैसा थेट जातो तो सभेला येऊन बसतो, एवढे मला समजले.

तिरफळ, १२ मार्च

खडू_फळा यांनी नेमके बोट ठेवले. न्यू जर्सीत मालमत्ता करातील सर्वांत मोठा वाटा, साधारण निम्मा, शाळांचा असतो. डिस्ट्रिक्टने गोळा करायची ही रक्कम वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, काही ठरावीक सवलती वगळता. २०१२ पर्यंत शाळांची निवडणूक एप्रिलमध्ये होत असे आणि मतदार अंदाजपत्रकावरही मत देत. त्या वर्षीच्या कायद्याने निवडणूक नोव्हेंबरात नेण्याची मुभा दिली आणि जे डिस्ट्रिक्ट गेले त्यांना दोन टक्क्यांच्या मर्यादेत राहिल्यास अंदाजपत्रकासाठी मतदान घ्यावे लागत नाही. बहुतेक सगळे गेले. म्हणजे पूर्वी गावाने घ्यायचा निर्णय आता तुम्ही नऊ जण घेता.

दोन टक्के ऐकायला ठीक वाटतात, पण शिक्षकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता दोन टक्क्यांनी वाढत नाही. विशेष गरजा असलेल्या एखाद्या मुलाला डिस्ट्रिक्टबाहेरच्या शाळेत पाठवावे लागले तर त्याचे शुल्क आणि रोजची गाडी हा खर्च कायद्याने द्यावाच लागतो, आणि तो द्यायलाच हवा. त्यात २०१८ च्या कायद्याने राज्याचे अनुदान नव्याने वाटले गेले. सूत्रापेक्षा जास्त मिळत होते अशा डिस्ट्रिक्टांचे अनुदान सात वर्षांत टप्प्याटप्प्याने कापले गेले. आमचा डिस्ट्रिक्ट कापल्या गेलेल्यांत होता. मार्चमध्ये राज्याचा आकडा कळतो, तात्पुरते अंदाजपत्रक लगेच मांडावे लागते, एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला जाहीर सुनावणी होते. या सहा-सात आठवड्यांत आम्ही काय कापायचे यावर रात्री साडेअकरापर्यंत बसत होतो: ग्रंथपाल, माध्यमिक शाळेचा वाद्यवृंद, की सौजन्याच्या बस.

या बसचे थोडे समजून घ्या. आठवीपर्यंतचे मूल शाळेपासून दोन मैलांपेक्षा लांब राहत असेल आणि हायस्कूलचे अडीच मैलांपेक्षा, तरच डिस्ट्रिक्टवर बस देण्याची सक्ती आहे. त्याच्या आत राहणाऱ्यांना मिळते ती बस सौजन्याची, आणि पैसे संपले की सौजन्य पहिले संपते. तुमच्या प्रगत गणिताच्या वर्गाला एक-दोन शिक्षकांचा पगार लागत असेल. तो प्रस्ताव शैक्षणिक कारणाने आला आहे की या कारणाने, हे आधी शोधा. सभेचे कागद सार्वजनिक असतात.

देवराई, १२ मार्च

माझी पत्नी दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये शिक्षिका आहे. मला उभे राहता येईल का?

तिरफळ, १२ मार्च

येईल. मात्र बहुतेक डिस्ट्रिक्टांतल्या शिक्षक संघटना एकाच राज्य संघटनेशी संलग्न असल्याने तुमच्या बोर्डाच्या शिक्षकांशी होणाऱ्या वाटाघाटींपासून तुम्हाला दूर राहावे लागेल. बोर्डाच्या वकिलाकडून लेखी सल्ला घ्या.

मुक्काम_पोस्ट_सांगली, १४ मार्च

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. आम्ही एडिसनला राहतो. २०१७ च्या स्कूल बोर्ड निवडणुकीत मतदानाला आठवडा राहिला असताना आमच्या टपालपेटीत एक कार्ड आले. त्यावर एका चिनी आणि एका भारतीय वंशाच्या उमेदवाराची छायाचित्रे होती आणि त्यांवर हद्दपार करा अशा अर्थाचा शिक्का मारलेला होता. चिनी आणि भारतीय लोक आपले गाव ताब्यात घेत आहेत, त्यांच्या शाळा, त्यांची क्रिकेटची मैदाने, आता पुरे, असा मजकूर होता. कार्ड निनावी होते. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती आणि टपाल तीच आत घेऊन आली होती.

ते दोन्ही उमेदवार निवडून आले, हेही लगेच सांगितले पाहिजे, आणि गावातल्या सर्व प्रकारच्या लोकांनी त्या कार्डाचा निषेध केला. तरी घरच्यांशी, विशेषतः नववीतल्या मुलीशी, आधी बोलून घ्या. तिच्या वर्गातल्या मुलांच्या अंगणात तुमच्या नावाचे फलक असतील किंवा नसतील, आणि दोन्हींचा तिला त्रास होईल.

चांदणवेल, १५ मार्च

मुलीशी बोलले. ती म्हणाली, "उभी राहा, पण माझ्या इन्स्टाग्रामवर काही टाकायचे नाही." ही अट मान्य केली आहे.

चांदणवेल, २ ऑगस्ट

अर्ज भरला. सोमवारी नव्हे, आदल्या गुरुवारीच. उशिरा कळवत आहे, कारण जून-जुलै सह्या गोळा करण्यात गेले.

तिरफळ यांनी सांगितल्याप्रमाणे कागद काढून पाहिले. वर्ग बंद करण्यामागे अभ्यासक्रम समितीची टिपणी होती, पण त्याच महिन्याच्या वित्त समितीच्या इतिवृत्तात दोन पदे न भरण्याचा उल्लेखही होता. मला कोणी फसवले नव्हते, मी दुसरा कागद वाचला नव्हता एवढेच.

सह्यांची सुरुवात मी ओळखीच्या घरांपासून केली. पहिल्या वीस मराठी, तेलुगू आणि गुजराती घरांपैकी अकरा घरांत कोणीही मतदार नव्हते. चहा मात्र वीसही ठिकाणी झाला. मग नाइलाजाने हमरस्त्याच्या पलीकडच्या जुन्या वस्तीत गेले, जेथे मी चौदा वर्षांत कधी पायी गेले नव्हते. तेथे गणिताबद्दल एकाही दारात विचारले गेले नाही. विचारले गेले ते बसबद्दल. जूनमध्ये सौजन्याच्या चार फेऱ्या बंद करण्याचे ठरले आहे, आणि त्या वस्तीतून प्राथमिक शाळा पावणेदोन मैलांवर, मध्ये हमरस्ता, पदपथ अर्ध्यातच संपलेला. एक आजी दोन नातवंडांना सांभाळतात, गाडी चालवत नाहीत. त्यांनी मला पदपथ संपतो तेथपर्यंत चालत नेले आणि परत आणले. सही त्यांनी केली, कारण त्या मतदार आहेत, पण "तुम्ही याआधी कधी इकडे दिसला नाहीत" हेही ऐकवले. बरोबर होते.

तीन शब्दांच्या घोषवाक्यात गणित घालायचे मी मार्चमध्येच ठरवले होते. अर्जावर वेगळे लिहिले. घरच्यांची मते विभागलेली आहेत. नवऱ्याच्या मते मी मूळ मुद्दा सोडला, मुलाच्या मते तर मी त्यालाच सोडले.

अर्धविराम, ३ ऑगस्ट

मुद्दा सोडला नाहीत, एवढे माझ्यातर्फे नवरोबांना सांगा. आणि एक कामाची सूचना: स्कूल बोर्डाचा रकाना मतपत्रिकेत अगदी शेवटी येतो, वरची मोठी नावे संपली की लोक तेथपर्यंत जातच नाहीत. आपल्या लोकांना टपाली मतपत्रिकेच्या वेळीच आठवण करा, म्हणजे सप्टेंबरअखेरीस. नोव्हेंबरात फोन करून उपयोग नाही.

तिरफळ, ३ ऑगस्ट

आणि प्रत्येक पत्रकावर खर्च कोणी केला ते छापा. तीन नावे निवडता येतात, पण समर्थकांना फक्त तुमच्याच नावापुढे खूण करायला सांगणारे सल्लागार भेटतील. हिशेबाने ते बरोबर असते, कारण उरलेली दोन मते प्रतिस्पर्ध्यांना जात नाहीत. मी ते केले होते. पुढे ज्या दोघांबरोबर तीन वर्षे शेजारी बसलो त्यांना ते माहीत होते.

चांदणवेल, १६ नोव्हेंबर

टपाली मते मतदानाच्या दिवसानंतर सहा दिवसांपर्यंत स्वीकारली जातात, म्हणून थांबले होते. सात उमेदवारांत चौथी आले. जागा तीन होत्या. तिसऱ्यापेक्षा २१२ मते कमी पडली.

केंद्रनिहाय आकडे पाहिले तर आमच्या बाजूच्या केंद्रांवर अपेक्षेपेक्षा कमी आणि हमरस्त्यापलीकडच्या केंद्रावर पहिल्या क्रमांकाची मते मिळाली आहेत. आमच्या बाजूच्या काहींनी उघडच सांगितले की गणित सोडल्यावर मी त्यांची राहिले नाही. प्रगत वर्ग बंद झाला आहे, बसच्या चारपैकी दोन फेऱ्या पालकांकडून शुल्क घेऊन पुन्हा सुरू झाल्या आहेत. ते शुल्क आजींना परवडत नाही. मुलीने इन्स्टाग्रामवर स्वतःहून एक छायाचित्र टाकले, त्यात मी फलक गोळा करताना दिसते.

गोधडी, १६ नोव्हेंबर

२१२! आमच्यासारखी मत नसलेली घरे तुमच्या एका रस्त्यावर किती असतील, मोजून पाहा. वाईट वाटले.

चांदणवेल, २७ फेब्रुवारी

धागा पुन्हा वर आणते आहे. आमच्या बोर्डाच्या एका सदस्याची नोकरी बदलली, ते डिस्ट्रिक्टबाहेर राहायला गेले, त्यामुळे त्यांची जागा रिकामी झाली. ती उरलेल्या आठ जणांनी पासष्ट दिवसांत भरायची असते, नाहीतर नेमणूक काउंटीच्या सुपरिंटेंडंटकडे जाते. इच्छुकांकडून पत्रे मागवली आहेत आणि मुलाखती जाहीर सभेत होणार आहेत. मिळाली तरी ती पुढच्या निवडणुकीपर्यंतच, म्हणजे नोव्हेंबरात पुन्हा दारोदार.

तिरफळ, पत्र एका पानाचे असावे का? आणि आठांपैकी ज्या दोघांविरुद्ध मी नोव्हेंबरात लढले, त्यांच्याशी आधी बोलणे योग्य ठरेल की आचारसंहितेत अडचणीचे?

तिरफळ, २८ फेब्रुवारी

एक पान पुरे. एकेकाशी स्वतंत्रपणे बोलायला हरकत नाही, आश्वासन मात्र मागू नका आणि देऊही नका. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा अंदाजपत्रकाचा असेल, कारण पुढचा महिना मार्चचा आहे. पत्राची सुरुवात कशाने करता आहात?

चांदणवेल, २८ फेब्रुवारी

पदपथ कोणत्या क्रमांकाच्या घरासमोर संपतो, तेथून.